विहारयात्रा आणि धर्मयात्रा

सोपाऱ्याच्या भातेला तलावाजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना ब्राह्मी अक्षरांचा एक भग्न शिलाखंड सापडला. अशोकाच्या आठव्या आदेशाचा तो तुकडा होय. हा आदेश नेमका प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, मृगया करीत, मौज करीत. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिस्थानी गेला आणि तेव्हापासून त्याच्या दौऱ्यांचे प्रयोजन पालटले. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची विचारपूस आणि जनपदातील सामान्य लोकांची भेट यांसाठी निघालेल्या यात्रेला त्याने धर्मयात्रा म्हटले. बावीस शतकांपूर्वीचा हा भेद आपण ऐतिहासिक नगरे पाहतो त्या रीतीलाही लावून पाहावा, असे मला वाटते.

वसईचा किल्ला पाहायला येणारे बहुतेक लोक वाहनाने येतात, एखाद्या पडक्या कमानीखाली छायाचित्र घेतात आणि परत फिरतात. वास्तविक हा नुसता किल्ला नव्हे. ते एक तटबंद शहर होते. १५३६ पासून पोर्तुगीजांनी ते उभारले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकले. जमिनीकडच्या दरवाजातून शिरून समुद्राकडच्या दरवाजापर्यंत पायी गेल्याखेरीज या शहराची रचना ध्यानी येत नाही. वाटेत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा एकेका पंथाची उघडी पडलेली चर्चे लागतात. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. त्यांवर नावे आहेत ती प्रतिष्ठितांची. ज्यांनी हा दगड फोडला, वाहिला, रचला, त्यांचे नाव कुठेही नाही. येथल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या दिसतात. आणि याच वसईत १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना तोडून दिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परावलंबनाची किंमत शिकवायला मला याहून चोख आकडा कधी सापडला नाही.

तट संपतो तेथे किल्लाबंदर सुरू होते. जाळी दुरुस्त करणारे हात, बांबूंच्या मांडवांवर वाळणारे बोंबील आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या: हे शहर अजून कष्ट करीत आहे. २०१० च्या कायदेदुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. स्मारके जपावीत याबद्दल दुमत नाही. परंतु स्मारकांच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना या नियमाचा अर्थ त्यांच्या दारी जाऊन समजावून सांगणे कोणाचे काम? मोटारीतून उतरलेल्या पाहुण्याला हा प्रश्न पडत नाही. पायी चालणाऱ्याला तो टाळता येत नाही.

किल्ल्यापासून गिरीज, भुईगाव, निर्मळ असे करीत सोपाऱ्याला जाणे ही एका दिवसाची पायपीट आहे. भुईगावातच १९५६ साली अशोकाच्या नवव्या आदेशाचा तुकडा मिळाला. केळीच्या वाड्या, विहिरी, तळी आणि चर्चे यांच्यामधून जाणाऱ्या या वाटेचे सुख हळूहळू आटते आणि नालासोपारा जवळ आला की चालणे हीच कसरत होते. पदपथ असला तर त्यावर वाहने उभी, नसला तर गटाराच्या कडेने तोल सांभाळायचा. स्थानकाकडे पहाटे निघणारे हजारो श्रमिक रोज असेच चालतात. त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर, बुरुड राजाच्या कोटात, १८८२ सालीच उकरलेला स्तूप आहे. तेथे दगडी करंडकात भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धप्रतिमा निघाल्या होत्या. त्या श्रमिकांपैकी किती जण तेथे गेले असतील? रविवारी मुलाचे बोट धरून निर्धास्तपणे चालत जाता येईल अशी वाटच नसेल, तर दोष त्यांच्या अनास्थेचा नव्हे.

येथे चीनचा दाखला मुद्दाम देतो, कारण आपल्या गोटात चीनची स्तुती आणि निंदा दोन्ही फार सैलपणे होतात. सातव्या शतकात छांगआनहून निघालेला युआन श्वांग मजल दरमजल करीत पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत आला आणि येथली माणसे कशी आहेत हे लिहून गेला. ते छांगआन म्हणजे आजचे शिआन. तेथील मिंगकालीन तटावर सुमारे १४ किलोमीटरची फेरी आज कोणालाही पायी घालता येते. बीजिंगचे नशीब मात्र तसे नव्हते. लिआंग सछंग या वास्तुतज्ज्ञाने १९५० च्या सुमारास सुचविले होते की, तट पाडू नका, त्याच्या माथ्यावर नागरिकांसाठी बाग करा. ते ऐकले गेले नाही. रस्ते आणि भुयारी रेल्वे यांसाठी तटाचा बहुतेक भाग पाडला गेला. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राजवटीने कामगाराच्या फिरण्याची जागा घालवली, हे आपण स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

काही साथी म्हणतील की, पाणी मिळत नाही तेथे पदपथ आणि स्तूप कसले घेऊन बसलात? पाण्याचा लढा पहिला, हे मान्य. पण रस्त्यावरचा खर्च सर्वांच्या करातून होतो आणि रस्त्याची रुंदी मिळते ती वाहनवाल्याला; हा वाटपाचाच प्रश्न आहे, आणि वाटपाचे प्रश्न समाजवाद्यांनी सोडायचे तर कोणी घ्यायचे? चंद्रशेखर १९८३ मध्ये कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत पायी चालले, तेव्हा त्या यात्रेत सामील होण्याचा आपल्याला अभिमान होता. आता तालुक्याच्या सभेलाही आपण गाडीने जातो आणि वस्तीचा अंदाज काचेतून बांधतो.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. तिच्या अंदाजपत्रकात पदपथांसाठी किती तरतूद होते आणि त्यातली किती खर्ची पडते, हे प्रभागवार मागून घ्यावे. पुढचे अभ्यासशिबिर सभागृहात न भरवता किल्लाबंदर ते सोपारा या वाटेवर चालत घ्यावे. जेथे पदपथ तुटला आहे ती प्रत्येक जागा वहीत टिपावी आणि ती वही स्थानिक रहिवाशांच्या सह्यांसह आयुक्तांच्या हाती द्यावी. पावसाळ्याआधी हे उरकलेले बरे. नंतर निम्मी वाट पाण्याखाली असते.