न जुळलेलें उत्तर

प्रयोगशाळेंत उत्तर जुळलें नाहीं कीं आमचे कित्येक विद्यार्थिबंधु वहींतील आंकडा खोडून तेथें पुस्तकांतील आंकडा लिहितात. ही संवय आम्हांस घातक वाटते. लिथियम-आयन बॅटरीचा इतिहास पाहिल्यास आमचें म्हणणें वाचकांस पटेल.

आज घरोघरीं असलेल्या मोबाइलांत हीच बॅटरी असते. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम ह्यांनीं तिच्या धनाग्रासाठीं टायटॅनियम डायसल्फाइड, म्हणजे टायटॅनियम व गंधक ह्यांचें संयुग, वापरलें. पोथीच्या पानांप्रमाणें त्याचे थर एकावर एक असतात. त्यांच्या फटींत लिथियमचे आयन शिरतात व पुन्हां बाहेर पडतात. दाब दोन व्होल्टांहून अधिक मिळाला. परंतु वारंवार चार्ज केल्यावर ऋणाग्रावरील लिथियम धातूस कांटे फुटत. ते पलीकडे पोंचले म्हणजे आंतल्या आंत शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचें भय असे.

हे दोष झांकले गेले नाहींत, म्हणूनच पुढील वाट सांपडली. १९८० सालीं जॉन गुडइनफ ह्यांनीं सल्फाइडाऐवजीं कोबाल्ट ऑक्साइड घेऊन दाब चार व्होल्टांपर्यंत नेला. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो ह्यांनीं लिथियम धातूच्या जागीं कार्बन योजिला. १९९१ सालीं बॅटरी बाजारांत आली, आणि २०१९ सालीं ह्या तिघांसही रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यांचें सल्फाइड मागें पडलें होतें, ते व्हिटिंगहॅमही त्यांत होते!

मग सल्फाइडें कायमचीं बाद झालीं काय? तसें नाहीं. ऋणाग्रांतील ग्रॅफाइटाची क्षमता हिशेबानें दर ग्रॅमास ३७२ मिलिॲम्पिअर-तास येते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडाची सुमारें ६७० येते. मात्र लिथियम घेतांना तें फुगतें, तडकतें, व गंधकाचीं कांहीं संयुगें द्रावणांत विरघळून जातात. म्हणून संशोधक त्याच्या अवघ्या कांहीं नॅनोमीटर जाडीच्या पाकळ्या करून त्या कार्बनाशीं जोडतात. त्यामुळें आयनांची वाट आंखूड होते व फुगण्यास जागा राहते. दोषांची नोंदच नसती, तर हा उपाय कोणास सुचला असता?

तेव्हां आमचें मत असें कीं, न जुळलेल्या उत्तरास वहींत जागा असावी. त्याखालीं चुकीचें कारण शोधून लिहिलें असेल, तर शिक्षकांनीं त्यास गुण द्यावे. पालकांनींही "किती गुण मिळाले?" ह्याबरोबर "उत्तर असें कां आलें?" हेंही विचारावें. पुढील सत्रापासूनच हा पालट व्हावा, अशी आमची सर्वांस विनंति आहे.