स्कूटरच्या विम्याच्या दोन तारखा

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनींची स्कूटर मंडईबाहेरून चोरीला गेली. पालेभाजी घेऊन परत येतात तो जागा रिकामी! रडवेल्या झाल्या होत्या, तरी एक धीर होता. "विमा ५ वर्षांचा आहे हो, अजून ३ वर्षं बाकी आहेत," म्हणाल्या. कागद काढून वाचला आणि तो धीरही गेला. ५ वर्षांचा विमा होता खरा, पण तो त्यांच्या स्कूटरसाठी नव्हताच.

भगिनींनो, यातली गोम समजून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना ५ वर्षांचा 'थर्ड पार्टी' विमा एकदमच काढावा लागतो. तो सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई त्यातून होते. आपली गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, तर त्यातून आपल्याला एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' विमा लागतो, आणि तो पुष्कळदा पहिल्या वर्षापुरताच काढलेला असतो. कागद एकच, तारखा मात्र दोन. लांबची तारीख लक्षात राहते, जवळची केव्हा टळून गेली ते कळतही नाही.

तेव्हा आज दुपारची आवराआवर झाली, की एवढं कराच :

• विम्याचा कागद काढून दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

• 'ओन डॅमेज'ची मुदत संपली असेल, तर तो विमा आता वेगळाही काढता येतो. मुदत टळून ९० दिवस झाले, तर 'नो क्लेम बोनस'ची सवलत बुडते.

• स्कूटरच्या दोन्ही किल्ल्या जपा. चोरीची भरपाई मागताना त्या दाखवाव्या लागतात. चोरी झाली, तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

• पावसाच्या पाण्यात स्कूटर बुडाली, तर किक मारू नका, बटणही दाबू नका. पाणी शिरलेलं इंजिन चालू करून बिघडलं, तर साध्या विम्यात त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत.

हप्ता उगीच जातो असं घरात कुणी म्हणेलच. गाडी अगदी जुनी झाली असेल, तर ते म्हणणं खोटंही नाही, कारण भरपाई गाडीच्या आजच्या किमतीइतकीच मिळते. पण कर्जाचे हप्ते चालू असतील, किंवा नवी स्कूटर घेण्याइतकी शिल्लक घरात नसेल, तर हा खर्च टाळू नका. आमच्या वहिनी सध्या गेलेल्या स्कूटरचे हप्ते भरताहेत आणि मंडईत पायी जाताहेत.