कॅफेवाले विचारतात, ब्रीड कोणती?

अमरावतीच्या कॅम्पात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवर कुत्र्याला सोबत घेऊन कॉफी प्यायची असेल, तर फोन उचला आणि एकेका कॅफेला विचारत बसा. नकाशावर ‘पेट फ्रेंडली’ची खूण दिसली तरी तिच्यावर विसंबू नका, ती कोणी, कधी लावली याचा पत्ता नसतो. फोनवर साधारण तीन उत्तरं मिळतात. पहिलं, ‘नाही चालत.’ दुसरं, ‘बाहेर बसा, पण कोणी तक्रार केली तर उठावं लागेल.’ ही दोन्ही मला मान्य आहेत, निदान सरळ तरी आहेत. माझं भांडण तिसऱ्याशी आहे. पलीकडचा मुलगा आवाज मऊ करून विचारतो, ‘ब्रीड कोणती आहे?’

लॅब सांगा, गोल्डन सांगा, हस्की सांगा. ‘या ना, फोटो पण काढू, आम्हाला टॅग करा.’ आता गावठी सांगून बघा. ‘नाही म्हणजे, वीकेंडला खूप गर्दी असते आपल्याकडे.’ तुम्ही मंगळवारी दुपारी येतो म्हणालात तरी वीकेंडच असतो.

हा प्रश्न आरोग्याचा नाही. आरोग्याचा असता तर त्यानं विचारलं असतं, रेबीजची लस शेवटची कधी दिली? जंतांचं औषध झालंय का? पट्टा असेल ना? अनोळखी माणसावर धावतो का? यातलं एकही न विचारता जो ब्रीड विचारतो, तो एवढंच तपासतो की तुमचं कुत्रं किती हजारांचं आहे. लस न टोचलेला महागडा पग आत जातो आणि सगळी इंजेक्शनं झालेली, कार्ड सोबत असलेली गावठी कुत्री दाराबाहेर थांबते.

आपल्याकडे भाड्यानं खोली शोधणाऱ्या पोरापोरींना या प्रश्नाचा सूर ओळखीचा वाटेल. घरमालक आधी नाव विचारतो, मग थांबतो, मग म्हणतो, ‘पूर्ण नाव?’ त्याला आडनाव हवं असतं. माणसाचा अपमान आणि कुत्र्याची अडवणूक एका तराजूत घालायची नाही, तसं करणं हाच अपमान होईल. पण दारात उभं राहून समोरच्याचं कूळ तपासायची सवय तीच आहे. आपण ती आता कुत्र्यांनाही लावली आणि वर त्याला ‘फ्रेंडली’ म्हणतो.

याच रस्त्यांवर चहाच्या टपऱ्या आहेत. कठोरा नाक्यावर बघा, अकोल्यात कौलखेडला बघा. बाकड्याखाली एक कुत्रं पसरलेलं असतं. गिऱ्हाईक पाय थोडा सरकवून बसतं, कुत्रं शेपूट थोडी सरकवतं. टपरीवाल्याला विचारा हे कोणाचं, तर तो म्हणतो, ‘कोनाचं कायले राहीन, आपलंच हाये.’ तिथं फलक नाही आणि कुत्र्यासोबतच्या सेल्फीसाठी भिंतीवर पंखही रंगवलेले नाहीत. टपरी म्हणजे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. उकळतं पाणी अंगावर फेकणारे महाभागही टपरीवरच भेटतात. पण कुत्र्याला बसू द्यायचं की नाही हे तिथं त्याच्या वागण्यावर ठरतं.

मग शेजारी काचेचा दरवाजा लागतो, एसी बसतो, दीडशे रुपयांची कॉफी येते, आणि बाकड्याखालचं तेच कुत्रं वीस पावलांवर ‘भटकं’ होतं. ते कुठंही भटकलेलं नसतं. त्याच चौकात जन्मलं, तिथंच वाढलं, बहुतेक कॅफेच्या मालकाआधीपासून तिथं राहतं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी या कुत्र्यांना सामुदायिक प्राणी म्हटलंय, म्हणजे वस्तीचे प्राणी. टपरीवाला ‘आपलंच’ म्हणतो ते आता कायद्याच्या भाषेतही आलं आहे. आपणच अजून मागे आहोत.

कॅफेवाल्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. अन्न परवान्याचे २०११ चे नियम आहेत, त्यांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेची कलमं आहेत, आणि खाद्यपदार्थांच्या जागेत प्राणी, पक्षी, पाळीव जनावरं येऊ देऊ नयेत असं त्यांत म्हटलेलं आहे. म्हणून एखादा मालक ‘नियम आहे, नाही जमणार’ म्हणत असेल तर त्याला इन्स्टावर झोडपू नका. तो खरं बोलतोय. पण हा नियम ब्रीड ओळखत नाही. हस्कीला सोफ्यावर बसवून रील काढणाऱ्यानं गावठीला नियम दाखवला, की तो नियम नसून निमित्त असतं.

आता त्या हस्कीकडे वळू. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन. अशा गावात सायबेरियातल्या बर्फावर गाडी ओढायला घडलेलं जनावर आणून ठेवायचं? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेवढंही धड जमत नाही. वैशाखातल्या दुपारी डांबरावर पाऊल ठेवलं की तळवे भाजतात. (चप्पल काढून पाच सेकंद उभं राहा, कळेल.) अशा कुत्र्यासाठी एसी कॅफे ही चैन राहत नाही, जगायची सोय होऊन बसते. वऱ्हाडात जगता येणार नाही असा प्राणी आधी विकत आणायचा आणि मग त्याला जगवायला गार जागा शोधत फिरायचं, याला मी प्राणिप्रेम म्हणणार नाही. कोणाला राग आला तर येऊ द्या.

गावठीचं अंग इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या तावून निघालेलं आहे. तिला एसी लागत नाही. सावली, पाणी आणि कोणी हाकलणार नाही अशी चार फुटांची जागा तिला पुरते. कॅम्पातल्या, रुक्मिणीनगरातल्या, रणपिसेनगरातल्या जुन्या बंगल्यांत जे कॅफे निघालेत, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे अंगण आहे आणि अंगणात कडुनिंबही आहे. जागेची अडचण पुण्या-मुंबईत असेल, इथं नाही.

आपली परंपरा तर याबाबतीत फार बोलकी आहे, फोटोपुरती. कारंजा लाडला नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी आपण रांगा लावतो. घरोघरच्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद म्हणून हात जोडतो. त्यातल्या एकाचंही नाक निमुळतं, केस झुपकेदार नाहीत, सगळी गावठी. गाडगेबाबांची समाधी अमरावतीतच आहे. भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी देणाऱ्या त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हेही एक सूत्र आहे. विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, आणि त्यांच्याच नावाच्या नगरात उन्हाळ्यात दारापुढे पाण्याचं भांडं ठेवलं की शेजारचे काका भांडायला येतात.

काकांचं म्हणणं मात्र ऐकायला हवं, कारण ते सगळंच चूक नाही. शांत वस्ती म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर तिथं घर बांधलं. रात्री दोनला कुत्री केकाटतात. नातू सायकलवर निघाला की तीन मागे लागतात. सकाळी साडेपाचला दूध टाकणारा पोरगा दगड खिशात घेऊन फिरतो. त्याला ‘तुम्ही प्राणिद्वेष्टे’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी रेबीज काय असतो हे आधी वाचावं. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. माणसाला होणारा हा रोग जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो. चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्यायचं, हे वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवं. हळद-तिखट भरणारी घरं अजून आहेत.

पण काकांचा उपाय, म्हणजे सगळी उचलून न्या, हा चालत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं होतं. अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथंच सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडू नका, आणि खाऊ घालायला जागा ठरवून द्या, रस्त्यात कुठंही नको. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री मात्र हलवायला आणि तिथं परत न सोडायला सांगितलं. सोडायचं का, याचं कारण साधं आहे. जागा रिकामी झाली आणि उकिरडा तसाच राहिला तर दुसरी कुत्री येतात, तीही बिनालसीची. एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगत आहे. भारतानंही २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू शून्यावर आणायचं ठरवलंय.

(अमरावतीत उकिरड्याची आणखी एक भानगड आहे. विद्यापीठाच्या आवारात, वडाळीच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तो कॉफी प्यायला येत नाही. आपल्या शिळ्या अन्नावर पोसलेली कुत्री खायला येतो.)

इथं मला आपल्याच लोकांशी, म्हणजे कुत्रेवाल्यांशी भांडायचंय. स्कूटीवरून येऊन बिस्किटाचा पुडा फोडून पळणारे खूप आहेत. त्याच कुत्रीला धरून, गाडीत घालून नसबंदीला नेणारे किती? अकोल्यात तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. असं गाव आणि आपण बोंब मारतो की कॅफेत घेत नाहीत. ज्या चौकातल्या चार कुत्र्यांच्या कानाला नसबंदीची खूण नाही, त्या चौकात ‘पेट फ्रेंडली’ कॅफे असणं म्हणजे गळक्या छताखाली झुंबर लावणं.

आणि कॅफेवाल्यांनी करायचं ते फार मोठं नाही. मुंबईत टाटा समूहाचं मुख्यालय, बॉम्बे हाउस, २०१८ मध्ये नूतनीकरण होऊन उघडलं तेव्हा तिथं आसऱ्याला असलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर खास जागा ठेवली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला दारातली कुत्री पाहुण्यांच्या नजरेआड करावीशी वाटली नाही, मग सहा टेबलांच्या कॅफेला कसली लाज? आत बंदी ठेवा, हरकत नाही. अंगणात चार टेबलं कुत्रेवाल्यांना द्या, पट्टा सक्तीचा करा, ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी वेगळी बाजू राखा. लसीचं कार्ड सगळ्यांचं बघा, लॅबचंही आणि मोतीचंही. आणि फाटकाशी जी दोन कुत्री बसतात त्यांची नसबंदी, लस स्वतःच्या खर्चानं करून घ्या. महिन्याच्या फोटोशूटपेक्षा ते महाग पडणार नाही. नसबंदी झालेली, ठरल्या वेळी खाणारी कुत्री रात्री कमी भांडतात, मग काकांनाही झोप लागते.

सोसायटीवाल्यांसाठी एवढंच: भारतीय पशु कल्याण मंडळानं २०१५ मध्येच सांगून ठेवलंय की बहुमतानं ठराव करूनसुद्धा घरात कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. हे परिपत्रक फोनमध्ये ठेवा, पुढच्या सभेत उपयोगी पडेल. आणि शी उचलायला पिशवी ठेवा, ती त्याच दिवशी उपयोगी पडेल.

तुम्ही पुढच्या रविवारी कॅफे शोधायला फोन लावाल तेव्हा पलीकडच्यानं ब्रीड विचारली तर उत्तर देऊ नका. उलट विचारा, तुमच्या फाटकावरच्या कुत्रीला लस टोचली का? नाही म्हणाला तर दोघं मिळून टोचून आणा, कॉफी नंतर. मात्र वेळ बघून करा. कुत्री माजावर येतात भाद्रपदात, पिल्लं होतात दिवाळीच्या सुमारास, आणि त्यातली अर्धी थंडीत, गाड्यांखाली जातात. म्हणजे नसबंदीची धरपकड पोळा फुटायच्या आत उरकायला हवी. तान्ह्या पोळ्यापर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.