गुन्हा नोंदवा, माफी आम्ही मागणार नाही

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. त्याविरुद्ध विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 पासून तो लागू झाला. कोकणातल्या आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात तो अजून पोहोचायचा आहे.

आमच्याशी बोलेल त्याला गावकीने दंड लावलाय. दुकानदार किराणा देत नाही, गिरणीत दळण घेत नाहीत. सासऱ्यांच्या मयताला भावकीतलं कोणी फिरकलं नाही. हे सगळं लेखी दिलं. उत्तर आलं, "गावातली गोष्ट आहे, पंचांची माफी मागा आणि मिटवून टाका." मग त्याच पंचांना ठाण्यात बोलावलं. त्यांना खुर्च्या दिल्या, आम्हाला उभं ठेवलं.

कायदा काय सांगतो? हा गुन्हा दखलपात्र आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराला चिथावणी देणाराही दोषी. आरोपपत्र दाखल झाल्यापासून 6 महिन्यांत खटला संपवायचा. तडजोड करता येते, पण पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने. मग गुन्हाच न नोंदवता तडजोड करायचा अधिकार ठाणे अंमलदाराला कोणी दिला? आरोपपत्रच नसेल, तर ते 6 महिने मोजायला सुरुवात तरी कधी होणार?

महोदय, हा कायदा सहज मिळालेला नाही. मुंबई प्रांताने 1949 मध्येच बहिष्काराला बंदी घातली होती. शिक्षा होती 1,000 रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये 4 विरुद्ध 1 मताने तो कायदा रद्द केला. नवा कायदा लागू व्हायला 55 वर्षं गेली. तोही आपोआप आला नाही. 2013 पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, वाळीत पडलेली माणसं उघडपणे बोलू लागली, तेव्हा कुठे सरकार हललं. आधी माणसांनी रूढी मोडली, मग कायदा झाला. आता पाळी कायद्याची आहे. एक पंच कोर्टात उभा राहिला, तर शेजारच्या दहा गावांतले पंच दंड लावताना विचार करतील. आणि पंचांना ठाण्यात मान मिळाला, तर त्या दहा गावांना कळतं की सरकारही गावकीच्याच बाजूचं आहे. तक्रार केल्यानंतर आमचा दंड वाढला, तो याच धीरावर. आपल्या पोलिसांनी रूढीला नुसतं अभय दिलं नाही, वर्दीची ताकदही दिली.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. बहिष्काराची तक्रार आली की त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. पंचांना ठाण्यात बसवून होणाऱ्या समेटाच्या बैठका बंद करा. या कायद्याखालच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या फलकावर लावा. 2017 पासून किती गुन्हे नोंदले, किती आरोपपत्रं गेली आणि किती खटले 6 महिन्यांत संपले, हे जिल्हावार जाहीर करा.

आमच्याकडून माफीची अपेक्षा ठेवू नका. गुन्हा आम्ही केलेला नाही.

वाळीत टाकलेलं एक कुटुंब