मास्क लावला नाही म्हणे!

पऱ्हाटी कमरेला लागली, फवारणी सुरू झाली आणि किटवाटपाचे फोटोही सुरू झाले. चार पाहुणे, मधात एक शेतकरी, सगळ्यांच्या हातात मास्क. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

२०१७ आठवतं ना? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. तेव्हा आधी काय ऐकलं? मजुरांनी मास्क लावला नाही, उघड्या अंगाने फवारलं. म्हणजे मेला त्याचीच चूक!

मी वावराचा मालक आहे, म्हणून सांगतो. कोणतं औषध आणायचं ते दुकानदाराने ठरवलं. 'मोनोत हे दुसरं टाका, रिझल्ट येते.' पक्कं बिल नाही. झाकणाने मोजून कालवलं मी. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याने बाटलीवरचा लाल त्रिकोण पाहिलाही नव्हता. त्याला पंपामागे पैसे. तो ऊन आणि वाऱ्याची दिशा बघत बसेल का? त्या साली पऱ्हाटी डोक्याला लागली होती, फवारा पानावर कमी आणि तोंडावर जास्त.

संध्याकाळी त्याला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्याला अंधारी. मी शहाण्याने लिंबूपाणी पाजलं! तास गेला त्यात. डॉक्टर विचारतात औषध कोणतं, अन् बाटली पडलेली धुऱ्यावर. आठ दिवसांनी तो घरी आला, त्यात माझी अक्कल काही नव्हती.

हे ऑर्गॅनोफॉस्फेट विष श्वासातूनच नाही, भिजलेल्या कपड्यातून, कातडीतूनही आत जातं. रुमाल काय अडवणार? त्रास झाला की कपडे काढा, साबणाने अंग धुवा, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना. आणि तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका रे बाबांनो.

फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत हे १९७१ च्या नियमांत लिहिलेलं आहे. मोनोक्रोटोफॉसला भाजीवर २००५ मध्येच बंदी आली, कापसावर मात्र चालू राहिलं. खाणाऱ्याचा जीव महाग, फवारणाऱ्याचा स्वस्त, असंच ना? २०२३ मध्ये ३६ टक्केवाल्यावर बंदी आली, तीही उरलेला माल विकायची मुभा ठेवून. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस त्याच जातीचे, ते दुकानात आहेतच.

किट वाटा, नाही कोण म्हणतं? पण भादव्यातल्या उकाड्यात ते घालून स्वतः दोन पंप मारून दाखवा. आणि दुकानदाराला विचारा, दोन औषधं एकत्र करायचा सल्ला बिलावर लिहून देतो का?

सोमवारी ११ वाजता मी ग्रामीण रुग्णालयात जातोय. ॲट्रोपिन किती शिल्लक आहे, रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी इथे होते की नाही, लेखी विचारणार आहे. मालक लोकांनो, आपापल्या फवारणीवाल्याला घेऊन या. त्या दिवसाची मजुरी कापू नका.