घोरपडीचे केएन किती?

‘सिंहगडावर चढलेल्या घोरपडीवर किती केएन लिहिलं होतं?’ आमच्या डोंगरवाल्या टोळक्यात नव्यानं आलेल्याला शेवटच्या कसारा लोकलमध्ये हा प्रश्न हमखास विचारला जातो. वाचणारा असेल तर तो लगेच सांगू लागतो की यशवंती घोरपड ही दंतकथा आहे, इतिहासकार तिला फारसं जुमानत नाहीत. धीट असेल तर ‘बावीस’ म्हणून ठोकून देतो. एखादी सरळ विचारते, ‘केएन म्हणजे काय?’ तिला खिडकीची जागा मिळते.

केएन म्हणजे किलोन्यूटन. कॅरबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या कडीच्या अंगावर बारीक अक्षरांत कोरलेला आकडा. एक केएन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोंचा ओढा. चांगल्या कॅरबिनरवर असे तीन आकडे असतात. लांबीच्या दिशेनं ओढला तर बावीस-चोवीस, आडवा ओढला तर सात-आठ, आणि फाटक उघडं असताना ताण आला तर तेही सात-आठच्याच आसपास. म्हणजे दोन टनांहून जास्त पेलेल या खात्रीनं आपण ज्याला लटकतो, तो नुसता फिरून आडवा झाला की ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. फाटकाचा स्क्रू लावलाय ना, हे म्हणूनच दर वेळी विचारायचं असतं. पण दर वेळी गंभीर चेहऱ्यानं विचारलं तर समोरचा वैतागतो आणि न बघताच ‘हो’ म्हणतो. आमच्याकडे विचारतात, ‘दुकान बंद केलंस का रे?’ तो हसतो आणि हात आपसूक स्क्रूकडे जातो.

डोंगरवाल्यांची टवाळी हे आमचं तपासणी खातं आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलोय. या खात्याला पगार नाही, शिक्का नाही, मुदत नाही. पण त्याच्या नजरेतून सुटलेला उलटा पट्टा मी फारसा पाहिलेला नाही.

आमच्या आधीच्या पिढीकडे साधनं बेताचीच होती. हार्डवेअरच्या दुकानातला दोर, लष्कराचा जुना माल विकणाऱ्याकडून आणलेली सॅक, कमरेला थेट दोर गुंडाळून मारलेली बोलाइनची गाठ, पायात कॅनव्हासचे हंटर. संस्थेकडे मिळून एखादा चांगला परदेशी दोर असायचा. आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं कवच, असा दोर एडेलरिड या जर्मन कंपनीनं १९५३ मध्ये आणला, आणि पुढे जगभर तोच रुळला. त्या दोराला चुकून पाय लागला की पुस्तकाला करतात तसा नमस्कार करायचा, अशी पद्धत होती. न करणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. नव्या पोरांना ही गंमत वाटायची. पण कारण अगदी रोकडं होतं. बुटाखाली दाबलेले वाळूचे कण कवचातून आत शिरतात आणि गाभ्याचे धागे आतल्या आत कुरतडत राहतात. वरून दोर नवाकोरा दिसतो.

दोरावर आमच्यात जेवढं बोललं जातं तेवढं निवडणुकीवरही बोललं जात नाही. सगळ्यात जुना वाद ताणणाऱ्या आणि न ताणणाऱ्या दोराचा. आरोहणाला लागतो तो डायनॅमिक दोर, जो माणूस पडला की लांबतो आणि झटका पिऊन टाकतो. रॅपलिंगला, सामान ओढायला लागतो तो स्टॅटिक. तो जवळजवळ लांबतच नाही, म्हणून उतरताना हिंदकळायला होत नाही. स्टॅटिक बहुधा स्वस्त पडतो, घासायला टिकतो, आणि म्हणूनच नवखा माणूस तोच घेऊन येतो आणि म्हणतो, ‘याच्यावर लीड करू.’ त्यावर पडला तर न प्यायलेला सगळा झटका त्याच्या कमरेला आणि वरच्या बोल्टला मिळेल. हे समजावायला आमच्यातल्या डॉक्टरांचं एक वाक्य पुरतं. ‘कर की लीड. मणक्याचे एक्स-रे मी फुकट वाचून देईन.’

दुसरा विषय फॉल फॅक्टरचा, म्हणजे पडलेली उंची भागिले दोराची लांबी. हा ऐकताना उलटा वाटतो, म्हणून नीट सांगतो. शंभर फूट दोर वापरून वर गेलेला माणूस दहा फूट पडला तर तो फॅक्टर ०.१. असा माणूस पंधरा मिनिटांत कुरकुर करत परत चढायला लागतो. पण उभ्या भिंतीवर मधल्या ठाण्यावरून निघाला, एकही बोल्ट न लावता पाचच फूट वर गेला आणि सुटला, तर तो ठाण्याच्या खाली पाच फूट, म्हणजे एकूण दहा फूट पडतो, आणि झटका घ्यायला दोर असतो फक्त पाच फूट. हा फॅक्टर २. याहून वाईट नेहमीच्या आरोहणात काही नाही. पडलेली उंची दोन्हीकडे दहाच फूट. म्हणून ‘आत्ता तर सुरुवात आहे, बोल्ट पुढे लावतो’ असं कुणी म्हणालं की खालून आवाज येतो, ‘जेवणाचा डबा इथेच ठेवून जा मग.’ गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे युआयएएच्या चाचणीत सिंगल दोरावर ऐंशी किलोंचं वजन जवळजवळ असंच वाईट पाडतात, आणि किमान पाच वेळा दोर तुटता कामा नये, पहिल्या पडण्यात झटका बारा केएनच्या वर जाता कामा नये, अशी अट आहे. पाच म्हणजे सहाव्याला दोर तुटतो असं नाही. रोजचं पडणं प्रयोगशाळेपेक्षा पुष्कळ मऊ असतं. आमच्यातले बँकवाले काका मात्र प्रत्येक पडण्याची पासबुकात नोंद करावी तशी वहीत नोंद करतात. त्यांची यथेच्छ टिंगल होते. वही मात्र सगळे बघतात.

कुणी जुना दोर स्वस्तात मिळतोय म्हणाला, तर त्याची चौकशी स्थळाची करतात त्यापेक्षा कसून होते. किती पडणी झाली, ऊन किती लागलं, आणि गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी तर नव्हता ना. बॅटरीतलं आम्ल नायलॉनला खाऊन टाकतं आणि बाहेरून डागसुद्धा दिसेलच असं नाही.

आता साधनांचा दुष्काळ संपला. डेकॅथलॉनमध्ये भाजी घ्यावी तसे क्विकड्रॉ घेता येतात. शामोनीचा सिमाँ हा जुना ब्रँड आता त्यांच्याच घरचा आहे. पडणाऱ्याचा दोर अडवणारं पेट्झलचं ग्रिग्री १९९१ मध्ये आलं तेव्हा आपल्याकडे बहुतेकांना ते मासिकातल्या चित्रातच दिसायचं, आज ते कॉलेजच्या पोराच्या सॅकमध्ये असतं. हे चांगलंच झालं. जुन्या काळाच्या हलाखीची आरती ओवाळणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पावसाळी शनिवार-रविवारी कुठल्याही धबधब्याच्या माथ्यावर रॅपलिंगचे इव्हेंट चालतात. एका रंगाचे टी-शर्ट, नवी हेल्मेटं, माथ्यावर एक ‘सर’. हार्नेसही बरेचदा चांगले असतात. पण पैसे भरून आलेला माणूस ‘सर’ची थट्टा करत नाही. ‘सर, हा दोर तुमच्या लग्नातला का?’ असं त्यांना विचारणारं तिथे कुणी नसतं. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं यांची अट आली, ती हवीच होती. फक्त एकाच अँकरवर सगळी भिस्त ठेवलेली पाहून ‘अहो, दुसरा कुठाय?’ म्हणणारं आगाऊ तोंड नोंदणीच्या अर्जात मावत नाही.

बुटांचं बोलायचं तर आमच्यात दोन पंथ आहेत. एक ‘ॲक्शन’च्या ट्रेकिंग बुटांवर वाढलेला. ते बूट दिसायला सुमार, पण ओल्या कातळावर पकड अशी की महागडे परदेशी बूट घालून घसरलेल्यांना हे लोक वरून हात देत असत आणि देताना बुटाची किंमत विचारत असत. दुसरा पंथ नव्या कंपन्यांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले आणि अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर पाच टक्के, त्याहून महाग बुटांवर अठरा टक्के असं झालं, तेव्हा पहिल्या पंथानं आनंद साजरा केला. अर्थमंत्री निर्मलाबाईंनाही सह्याद्री कळतो, असा निष्कर्ष निघाला.

पावसाळी जाकिटांवरही एकदा सविस्तर भांडण झालं होतं. गोर-टेक्ससारख्या कापडाची छिद्रं पाण्याचा थेंब आत येऊ देत नाहीत पण घामाची वाफ बाहेर सोडतात. मात्र वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत हरिश्चंद्रगडावर ढगातच चालत असाल तर वाफेनं जायचं कुठे? थंड कोरड्या हवेत हे कापड सोनं आहे, इथे मात्र वीस हजारांच्या जाकिटातला माणूस आतून भिजतो आणि दोनशे रुपयांच्या पोंचोतला खालून वारा खात चालतो. पायथ्याच्या पाचनईचे मामा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन दोघांकडेही बघतात आणि काही बोलत नाहीत.

जगाच्या बातम्या आमच्याकडे येतात त्या अशाच साधनांच्या वाटेनं. मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गडी झेनॉन वायू हुंगून लंडनहून निघाले आणि आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्यात एक मंत्रीही होता. एरवी उंचीची सवय व्हायला कित्येक आठवडे जातात. युआयएएच्या डॉक्टरांनी झेनॉननं कामगिरी सुधारते याला पुरावा नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं, नेपाळनं चौकशीची भाषा केली, आणि आमच्यात हुंगायला गेलं तर सिंहगडावरच्या पिठल्याचा वास अधिक गुणकारी असं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून नेपाळनं एव्हरेस्टच्या परवान्याची फी अकरा हजार डॉलरवरून पंधरा हजार केली. बँकवाल्या काकांनी हिशेब करून सांगितलं, ‘तेवढ्यात आपल्या सगळ्यांना जन्मभर कसारा लोकलचा फर्स्ट क्लास.’

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा मात्र टवाळी जरा अडखळली. पेढे वाटले गेले. मग साल्हेरच्या माथ्यावर आता रेलिंग लागणार का, यावरून दोन तट पडले. आणि बोल्टचा प्रश्न निघाला. आपला बेसॉल्ट बरेच ठिकाणी सलग असतो, चॉक किंवा फ्रेंड अडकवायला भेगा मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यातला दगड हातात येतो. म्हणून सुळक्यांवर हातानं भोकं पाडून बोल्ट मारत चढण्याची परंपरा आहे. अमेरिकेत इव्हॉन शुइनार्डनं १९७२ च्या कॅटलॉगमध्ये आपलाच खपणारा माल, म्हणजे भेगेत ठोकायचे पिटॉन, शक्यतो टाळा, कडे फुटतात, असं छापलं. त्याचा दाखला आमच्यातली धाकटी नेहमी देते. संरक्षित तटाबुरुजांना कायद्यानंच ड्रिल लावता येत नाही, ते ठीकच. पण सुळक्यांवर जुने साध्या पोलादाचे बोल्ट दर वर्षी चार महिने पाऊस खात गंजतायत, ते काढून स्टेनलेसचे कुणी घालायचे? या प्रश्नावर सगळे एकदम गप्प होतात, कारण उत्तरात वर्गणी आहे.

एका नावावर मात्र टवाळी चालत नाही. इर्शाळगडाला जाणारा जवळपास प्रत्येक जण इर्शाळवाडीत पाणी प्यायलेला असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, वाडीला रस्ता नव्हता, यंत्रं वर जाऊ शकत नव्हती. त्या अंधारात पावसात चढून गेलेल्यांत आसपासची ट्रेकर मंडळी होती. त्यांना वाट पाठ होती, टॉर्च होते, दोर होते, आणि फावड्याला पर्याय नव्हता. त्या रात्री चढलेल्यांपैकी एक जण आमच्यात अधूनमधून येतो. त्याच्या साधनांची थट्टा आम्ही करतो, अगदी इतरांसारखीच. त्या रात्रीबद्दल विचारत नाही.

सध्या प्रश्न आमच्या निळ्या दोराचा आहे. कंपनी म्हणते, न वापरताही जास्तीत जास्त दहा वर्षं. ती मुदत भरत आली. काकांचं म्हणणं, वहीत मोठं पडणं एकही नाही, निवृत्तीचं वय वाढवून द्या.

‘काका, राज्य कर्मचाऱ्यांची साठ वर्षांची मागणी किती वर्षं पडून आहे?’ धाकटी म्हणाली. ‘दोराला कुठून मुदतवाढ मिळणार?’

शेवटी कापायचं ठरलं, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. तुकड्यांची वाटणीही झाली. गाठी शिकवायला दोन तुकडे, एक डॉक्टरांच्या गच्चीत कपडे वाळत घालायला, एक काकांना आठवण म्हणून. नव्या दोरासाठी माणशी किती काढायचे हा विषय निघाला तेव्हा कसारा आलं होतं, आणि सगळ्यांना एकदम सॅक उचलायची घाई झाली.