थोडे पाहावे, पण नीट पाहावे

मुलांनो, पॅरिस शहरात सेन नदीच्या काठी लूव्र नावाचे विख्यात संग्रहालय आहे. पूर्वी तो फ्रान्सच्या राजांचा वाडा होता. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, तेथील कलासंग्रह सर्व लोकांना खुला झाला. आज तेथे सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येक वस्तूला एकच मिनिट द्यावे म्हटले, तरी अहोरात्र पाहून चोवीस दिवस लागतील!

मग ज्याच्या हाती एकच दिवस आहे, अशा एकट्या प्रवाशाने काय करावे? ‘एवढ्या दूर आलो, तर सारे पाहून घेऊ,’ असे म्हणून कित्येक जण एकामागून एक दालने ओलांडीत धावतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पुन्हा येणे घडेलच असे नाही. तरीही माझ्या मते प्रवाशाने चार-पाचच वस्तू निवडाव्यात. एकट्याला सोबत्यांची घाई नसते, हे त्याचे भाग्यच होय.

तेथील जिन्याच्या माथ्यावर पंख पसरलेली विजयदेवतेची ग्रीक मूर्ती आहे. तिला मस्तक नाही, हातही नाहीत. घाईने जाणाऱ्याला ती केवळ भग्न दिसते. परंतु जो थांबतो, त्याला वाऱ्याने अंगाशी बिलगलेले तिचे वस्त्र दिसते आणि संगमरवरात समुद्रावरचा वारा जाणवू लागतो.

राजवाड्याची दारे लोकांसाठी उघडली, ती नुसते आत शिरून बाहेर पडण्यासाठी नव्हे. जे मनात उरते, तेच खरे पाहिलेले.